थांबविलेले हृदय आणि देहाचे विश्वस्तपण

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर आचार्य विनोबांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ तारखेला देह ठेवला. आज त्याच वर्धा जिल्ह्यात, सावंगी येथे, त्यांचे नाव धारण करणाऱ्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. देह सोडणे धर्म्य, तर तो राखण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न श्रद्धावंताच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करताना अनेकदा हृदय थांबवावे लागते. रक्ताभिसरणाचा कारभार यंत्राच्या हवाली होतो, महारोहिणीवर चिमटा बसतो, पोटॅशियमयुक्त थंड द्रव हृदयाच्या रोहिण्यांत उतरतो आणि पडद्यावरची नागमोडी रेषा सरळ होते. रक्ताविना धडधडणारे हृदय आपलाच शक्तिसंचय जाळून क्षत होते. निश्चल व शीतल हृदयाची गरज मात्र अत्यल्प उरते. तथापि ही विश्रांती बेमुदत नसते. मात्रा ठरल्या वेळी पुन्हा द्यावी लागते, प्रमाण चुकले तर औषधच घात करते, आणि रक्त परत सोडतानाही स्नायूस इजा पोचू शकते. १९५५ साली मेलरोज या संशोधकांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबविण्याची रीत मांडली; पण त्या तीव्र मात्रेने स्नायू दुखावतात असे आढळल्यावर ती मागे पडली, आणि सौम्य द्रव सिद्ध होईपर्यंत बराच काळ गेला.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली व साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत कर्म आणि अकर्म यांचा सखोल विचार आहे. त्या विचाराच्या प्रकाशात पाहता, ज्या निश्चलतेभोवती अखंड दक्षता उभी असते ती मृत्यूची नक्कल नसून जीवनाचीच सेवा ठरते. भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी तुडवून सत्त्याऐंशीव्या वर्षी विनोबांनी देहाचा हिशेब पुरा केला. ज्याच्या शिरावर लेकरांची व शेताची जबाबदारी अजून आहे, त्याचा हिशेब अपुरा आहे. सेवाग्रामच्या गांधींनी धनाविषयी सांगितलेला विश्वस्ताचा धर्म देहालाही लागू करावा, असे मला वाटते: ठेव मुदतीपूर्वी टाकून देऊ नये आणि मुदत सरल्यावर अडवून धरू नये.

म्हणून ज्याचे कर्तव्य उरले आहे, त्याने हृदय थांबविले जाईल या भयाने वैद्यांनी सुचविलेला इलाज नाकारू नये. तो स्वीकारण्यात अधर्म नाही.