बिनहोडीची माणसं

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरणार. उल्हास नदीच्या मुखातून कल्याणकडे वर जाऊ तसा त्यात थोडा उशीर धरायचा, एवढंच. चंद्राचं हे गणित आजही बिघडलेलं नाही. बिघडलं आहे ते पावसाचं आणि उन्हाचं. आणि त्याचा पहिला फटका ज्यांना बसतो त्यांच्याकडे होडीच नाही.

ठाण्याकडे चेंदणी, विटावा, कोलशेत, इकडे डोंबिवलीचं मोठागाव. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरतात, गुडघ्यापर्यंत रुततात. चिखलावरच्या बारीक छिद्रांवरून खाली शिवली, म्हणजे खाण्याचा शिंपला, आहे की नाही हे त्यांना कळतं. निवटी या चिखलातल्या माशाच्या बिळाला एकाहून अधिक तोंडं असतात. एकात हात घालताना दुसऱ्यावर नजर ठेवावी लागते. या धंद्याला डिझेल लागत नाही की बर्फ. लागते ती जिवंत खाडी.

शिवली पळू शकत नाही. ढगफुटीसारखा पाऊस झाला की गोड्या पाण्याचा लोंढा येऊन खाडीचा खारेपणा एकदम उतरतो, आणि ती जागच्या जागी मरते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. प्रवाशांना वाचवलं गेलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. त्याच पाण्याने खाली खाडीतल्या चिखलाचं काय केलं, ते कोण पाहणार? उन्हाळ्यात उलटा मार बसतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि उरलेला सांडपाणी कुजताना संपतो. वालधुनी नदीतून, नाल्यांतून, कारखान्यांतून येणारी घाण ही हवामानबदलाहून जुनी आहे. म्हणूनच सगळं खापर आभाळावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. निरोगी खाडीने गरमी बरीच सोसली असती.

आता भरपाईचं पाहू. 2019 च्या क्यार आणि महा वादळांनंतर 2020 मध्ये राज्य सरकारने मच्छीमारांसाठी साहाय्य जाहीर केलं. ते नौकांच्या प्रकारांवर बेतलेलं होतं. मासळी विकणाऱ्या बायकांसाठी शीतपेट्या होत्या. ती मदत हवीच होती. पण रोज टोपलीभर आणून त्याच दिवशी विकणारी बाई पेटीत काय ठेवणार? तिचं नुकसान वादळासारखं एका दिवसात होत नाही. शिवल्या थोड्या थोड्या कमी होत जातात आणि एका मोसमात चूल दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करून पेटवावी लागते. या संकटाला तारीख नसते, पंचनामा नसतो.

जमिनीचंही तसंच. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाडीकाठाला 100 मीटरपर्यंत संरक्षण होतं; 2019 मध्ये ते 50 मीटरवर आलं. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर स्थळ. ते योग्यच झालं. रोहित पक्ष्यांची मोजणी होते, ती व्हायलाच हवी. पण त्याच चिखलावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या बायकांचीही नोंद तितक्याच काळजीने व्हायला हवी, हे माझं मागणं आहे.

ही नोंद मच्छीमार सहकारी संस्थांनी करावी, महापालिकांनी मान्य करावी: कोण चिखलात उतरतं, काय मिळतं, कधी मिळेनासं झालं. नुकसानीचा हक्क होडीवर न ठरता त्या वहीवर ठरावा. आणि वहीची सुरुवात जूनच्या पहिल्या पावसापासून व्हावी, कारण नाल्यांत वर्षभर साचलेलं सगळं तेव्हाच खाडीत उतरतं.