स्पीकर काय मागतो?

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला रसिक दुकानात शिरताच वॉट विचारतो. पन्नास की शंभर? मला वाटतं, त्याआधी घरातल्या स्पीकरची चौकशी व्हायला हवी. खोलीत जे ऐकू येणार ते त्याच्याच तोंडून. त्याला हवं ते, हवं तेव्हा, न कुरकुरता पुरवणं एवढंच अ‍ॅम्प्लिफायरचं काम.

इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड या नावाने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. त्यात नेहमीचा कागदी कोन नाही. विद्युतभार दिलेला प्लॅस्टिकचा तलम पडदाच थरथरतो आणि सूर उमटतो. माणसाचा गळा, व्हायोलिन त्यातून इतकं निर्मळ येतं की जाणकार आजही त्याचं नाव आदराने घेतात. पण स्वभाव हळवा. खर्जात त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, तीस ओहमच्या आसपास असतो, आणि अगदी वरच्या टोकाला दोन ओहमच्याही खाली घसरतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर आत ठिणगी पडून पडद्याला इजा होते. सुरुवातीला त्याच्या जोडीला १५ वॉटचा व्हॉल्व्हचा क्वाड टू हा अ‍ॅम्प्लिफायर असे. १९६७ मध्ये वॉकरनी ट्रान्झिस्टरचा ३०३ काढला, तो ४५ वॉटचा. या स्पीकरशी त्याचं छान जमलं. १९७५ चा ४०५ मात्र १०० वॉटचा होता. तो जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिकला जोडायचा तर व्होल्टेजला आवर घालणारी सोय आत बसवून घ्यावी लागे. दोन्ही वस्तू एकाच घरच्या, दोन्ही उत्तम, तरी जोडी जमवताना काळजी घ्यावी लागलीच. हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो, कारण जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं हा समज तिथे थेट मोडतो.

नेहमीच्या कोनवाल्या स्पीकरांत आधी बघायची ती संवेदनक्षमता. एका वॉटवर, एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हा तो आकडा. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर घडवला, तो ८३ डेसिबलच्या आसपासचा. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये बनवलेला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा भला थोरला क्लिप्शहॉर्न शंभरी ओलांडतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वॉट. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहा लागतात. म्हणजे पन्नास आणि शंभर वॉटमधलं अंतर कानाला जेमतेम जाणवेल इतकंच आहे.

खरी परीक्षा ओहमची. स्पीकरच्या पाठीवर आठ ओहम छापलेलं असतं, पण ती केवळ ढोबळ ओळख. सुराच्या उंचीप्रमाणे तो आकडा सतत हलतो, आणि काही स्पीकर मधेच तीन ओहमपर्यंत उतरून एकदम जास्त करंट मागतात. म्हणून माहितीपत्रकात आठ ओहमच्या आकड्याशेजारी चार ओहमचाही आकडा पाहावा. आठला पन्नास आणि चारला नव्वद देणारा अ‍ॅम्प मला आठला ऐंशी देऊन चारबद्दल गप्प बसणाऱ्या अ‍ॅम्पपेक्षा भरवशाचा वाटतो. पहिल्याचा ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा बहुधा भक्कम असतो. जुने शौकीन दुकानात अ‍ॅम्प हातात धरून वजनाचा अंदाज घेत, त्यात तथ्य होतं. १९७८ चा एनएडी ३०२० कागदावर अवघा २० वॉटचा, पण अवघड स्पीकरांपुढेही तो माघार घेत नसे. गाण्यातल्या एखाद्या क्षणापुरती छापील आकड्याहून कितीतरी जास्त ताकद तो देऊ शके, म्हणूनच तो इतक्या घरांत पोचला.

हे क्षण आपल्या संगीतात फार येतात. आलापीत तानपुऱ्याची आस ऐकताना जेमतेम एखादा वॉट खर्च होत असेल. पण पखवाजावर अचानक खुली थाप पडली की त्या निमिषापुरती मागणी कितीतरी पटींनी वाढते. चांगल्या साथीदारासारखा अ‍ॅम्प्लिफायर तिथे तयार हवा. कमी पडला की सुराच्या लाटेचे माथे छाटले जातात, आवाज करकरीत होतो, आणि ती छाटलेली लाट ट्वीटरला, म्हणजे उंच सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरला, नको तितकी तापवते. पार्टीत जळालेले कितीतरी ट्वीटर मोठ्या अ‍ॅम्पने जळालेले नसतात. लहान अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळल्यामुळे जळालेले असतात. लोकांना हे उलटं वाटतं, पण हाती थोडी शिल्लक ठेवणारा अ‍ॅम्प साध्या स्पीकरला सुरक्षितच ठेवतो, फक्त व्हॉल्यूमच्या बटणावरचा हात शहाणा हवा.

ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा, ही तक्रार अजून ऐकू येते. सुरुवातीच्या काळातल्या काही यंत्रांना ती लागू होती. आजच्या बऱ्या अ‍ॅम्पना सरसकट लावणं अन्यायाचं आहे. शंका असेल तर आवाज कमी ठेवून ऐकावं. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींत मिसळूनही वेगळ्या कळतात का, गायकाचा श्वास गाण्याच्या आत राहतो की बाहेर येऊन टोचतो, हे तिथे लगेच समजतं. दुकानात ते नीट समजत नाही. तिथली खोली वेगळी, जोडलेले स्पीकरही वेगळे. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दोन दिवस घरी नेऊन, आपल्याच स्पीकरला जोडून ऐकू देणारा दुकानदार भेटला, तर चार पैसे जास्त पडले तरी खरेदी त्याच्याकडूनच करावी.