विहिरीवरची पाटी

सिंहगडाच्या पायथ्याची आमची वाडी आज पुण्यात धरतात. माझ्या लहानपणी पुण्याला जायचं म्हणजे एसटीची वाट बघत बसावं लागे.

फाल्गुनात डोंगराला वणवा लागायचाच. लागायचा म्हणजे लावायचे. जाळलं की गवत जोमानं येतं, अशी समजूत. आमच्या घरानंही पूर्वी काडी ओढलेली आहे, खोटं कशाला बोला? त्या वर्षी आग विहिरीच्या माथ्यापर्यंत उतरली. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, गवत, सगळं काळं झालं. माती धरून ठेवणारं काही उरलं नाही. मृगाचा पहिला पाऊस कोसळला आणि राख, माती, गुरांचं शेण घेऊन पाण्याचा लोंढा थेट विहिरीत शिरला. कठडा बुटका होता. सकाळी पोहरा वर आला तो चहाच्या रंगाचं पाणी घेऊन.

आण्णांनी आरोग्य केंद्रातून तपासणीची बाटली आणली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. दिवसा-दोन दिवसांत काळं पडलं, तर पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संभव. आमची बाटली दुसऱ्या सकाळी शाईसारखी. आण्णांनी लगेच पत्र्यावर डांबरानं लिहिलं, 'पाणी पिऊ नये', आणि पत्रा रहाटाला बांधला.

दुपारी खालच्या वस्तीतली आत्या हंडा घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. नातवानं वाचून दाखवलं. ती दारात येऊन म्हणाली, "आण्णा, पाणी नासलंय, का आमी?"

आण्णा गप्प झाले. खालच्या वस्तीला या विहिरीत पोहरा टाकायला मिळाला तो आमचे आजोबा गेल्यावर. जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला १८६८ साली. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, २० मार्च १९२७ ला. आमच्या वाडीला मात्र त्यानंतरही किती उन्हाळे लागले. पाटीवरचा शब्द न् शब्द खरा होता. पण तो शब्द त्या घराकडून आला होता, ज्या घरानं हेच शब्द आधी खोट्या कारणासाठी वापरले होते.

मग खरं सांगणं पुरेसं असतं का? मला वाटायचं, असतं. जंतूला जात नसते, बाटली कुणाच्या बाजूची नसते. पण बाटली आमच्या घरात काळी पडली होती. आत्यानं ती पाहिलीच नव्हती. तिनं विश्वास ठेवायचा तो आमच्यावर, आणि तसं मागायचा हक्क आम्ही केव्हाच गमावून बसलो होतो.

आण्णांनी दुसरी बाटली आणून तिच्या हातात दिली. तिनं स्वतः पोहरा टाकला, स्वतः भरली, आपल्या फडताळात ठेवली. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायका ती काळी बाटली बघून गेल्या. मग उपसा झाला, टीसीएल पावडर टाकली. ओटी टेस्टच्या नळीत पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, हेही तिनंच उन्हात धरून पाहिलं. तरी पंधरा दिवस उकळूनच प्यायलो. आमचं उकळण्यावर भागलं. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव २०१८ च्या वणव्यात जळालं, तेव्हा नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं. अशा पाण्याला उकळणं हा उपाय नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण निघाले. हातापायांतलं बळच जातं या आजारात. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. मी आता याच पट्ट्यात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या इमारतीत दोन दिवसांत घरोघरी जार आले. पार्किंगमधला बोअरचा नळ तसाच वाहत राहिला. त्याच्यावर पाटी लावावी असं माझ्या मनात आलं होतं. पण आत्या आठवली. म्हटलं, वॉचमनला काय वाटेल? आपल्याला नळापासून लांब ठेवतायत, असं वाटेल.

आता वाटतं, तो नाजूकपणा नव्हता, आळस होता. आत्याचं नाव पुढे करून मी स्वतःची सुटका करून घेतली. पाटी लावणं चुकलं होतं म्हणून गप्प बसणं बरोबर ठरत नाही, एवढं तर आण्णांना त्याच संध्याकाळी कळलं होतं.

आठवड्यानं वॉचमनला विचारलं, "तू पाणी कुठलं पितोस रे?"

"हेच की साहेब, नळाचं. का? काय झालंय?"

त्याच दुपारी बाटली शोधायला बाहेर पडलो. दोन दुकानांत मिळाली नाही. तोवर आमच्या जारमधलं पाणी त्याला नेऊन दिलं. त्यानं आधी जारकडे पाहिलं, मग नळाकडे, मग माझ्याकडे. "किती दिवस झालं, साहेब?" त्यानं विचारलं.