पावणेनऊशे किलोमीटर

मुंबईहून कराची सरळ रेषेत साधारण पावणेनऊशे किलोमीटर. दिल्ली याहून लांब, जवळजवळ साडेअकराशे. जेट विमानाला कराची गाठायला फार तर दीड-पावणेदोन तास पुरावेत. त्यात पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. सकाळी दहाला इथून निघालेला माणूस तिथल्या घड्याळात सव्वाअकराच्या आत पोचायला हवा.

पण थेट विमान नाही. २०२५च्या एप्रिलपासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. व्हिसा मिळालाच, तरी वाट दुबईसारख्या तिसऱ्याच शहरावरून. आधी पश्चिमेला एकोणीसशे किलोमीटर, मग परत पूर्वेकडे बाराशे. दोन उड्डाणं आणि मधला थांबा धरला तर सात-आठ तास सहज जातात.

१५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा मुंबई-कराची ही थेट वाट उलट दिशेने आले होते. लंडनहून इम्पिरिअल एअरवेजने कराचीला आणून सोडलेली टपाल त्यांच्याजवळ होती. पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान, ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरच्या वेगाचं. रेडिओ नाही, वाट दाखवणारी कसलीही यंत्रणा नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला ते कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून उडाले, इंधनासाठी अहमदाबादला उतरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोचले. सव्वासात तास! तेव्हापासून विमानाचा वेग पाचपट झाला, तरी या दोन शहरांमधला प्रवास काही कमी वेळाचा झाला नाही. मला हे फार लागतं.

कारण ही शहरं एकमेकांना परकी नव्हती. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. नोकरी-व्यापारासाठी मराठी माणसं कराचीला जात, तिथे घरं करत. तिथल्या नारायण जगन्नाथ हायस्कुलाला सिंधमध्ये शिक्षणाचा पाया घालणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. ही शाळा १८५५ची, आणि आजही चालू आहे. कराचीत आजही मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे गणपती बसतो. त्यांच्यापैकी कुणाला मुंबईतल्या नातलगाच्या आजारपणात यायचं असेल, तर किलोमीटरच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

सुरक्षेची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माणसं मारली गेली आहेत, आणि ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये. तरीही शेजारच्या शहराची वाट कायमची बुजली, असं मानायला माझं मन तयार होत नाही. १९६५ आणि १९७१ची युद्धं होऊन गेल्यानंतर, १९८२च्या ऑक्टोबरात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. त्या पहिल्या उड्डाणाच्या पन्नाशीनिमित्त जुन्या लेपर्ड मॉथमध्ये एकटे बसले आणि कराचीहून मुंबईला आले. तेव्हा दोन्हीकडच्या सरकारांनी ती वाट मोकळी ठेवली होती.