बंदीतलं जाळं

रेवदंड्याला एक मास्तर होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत त्यांनी एकच काम केलं होतं. कादंबरी लिहिली होती. चारशे बारा पानांची. नायक अफनासी निकितिन.

ह्या निकितिनबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण मास्तर भेटेल त्याला सांगतच असत. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला यायला अजून तीसेक वर्षं होती. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. तो विकून चार पैसे गाठीला बांधायचे, एवढाच बेत. घोड्यासकट तो जुन्नरपर्यंत गेला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला, मग कुणाच्या तरी रदबदलीने परत दिला. पुढे बिदर वगैरे हिंडून निकितिन माघारी निघाला आणि घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, वारला. वही मात्र पोचली. १४७५ मध्ये ती मॉस्कोत दाखल झाली आणि मग कागदांच्या ढिगात अशी गडप झाली की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन ह्या इतिहासकाराला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली तेव्हाच विद्वानांना तिचा पत्ता लागला. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात निकितिनच्या नावाचा स्तंभ आहे. बरेच जण त्याला पाठ टेकून वडापाव खातात.

तर साडेतीनशे वर्षं दडून राहिलेल्या वहीवर मास्तरांनी कादंबरी लिहिली, आणि स्वतःच्या वहीच्या उत्तरासाठी त्यांना साडेतीन दिवस धीर धरवेना.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ते मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. प्रकाशकांच्या कचेरीत संपादकांनी गठ्ठा हातावर तोलला, पहिलं पान उलटलं, आणि म्हणाले, "तीन महिने लागतील. आम्ही कळवू."

मुलगी बघायला आलेली मंडळीही पोहे संपवून उठताना 'कळवतो' असंच म्हणतात. त्या शब्दात होकार किती आणि नकार किती, हे मुलीच्या बापाला रात्रभर छताकडे बघूनही उमगत नाही. मास्तरांनी तर तीन मुली उजवल्या होत्या. त्यांना हा शब्द ओळखीचा असायला हवा होता. पण पोरीची गोष्ट वेगळी, पुस्तकाची वेगळी. पोरीला निदान स्वतःची अक्कल असते.

दोन-चार दिवसांत पावसासाठी गेटवेची लाँच बंद झाली. मास्तरांच्या मनात उगाच आलं, आता उत्तर कशातून येणार?

त्यांच्या घरात फोनला रेंज नव्हती. मागच्या वाडीत विहिरीच्या कठड्याजवळ, सुपारीच्या दोन झाडांच्या मधे उभं राहिलं की तेवढी मिळे. पाऊस धो धो कोसळत असताना मास्तर तिथे छत्री घेऊन उभे असत. एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन, चष्म्यावर पाणी. आधी मेल बघायचा, मग नको असलेल्या मेलचा कप्पा बघायचा, मग परत पहिला. कर्ज घेता का, असं विचारणारे चार मेल असत. मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणत, "विहिरीत पडू नका म्हणजे झालं."

सदतिसाव्या पानावर त्यांना एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली. ती कळवावी का, ह्यावर तीन दिवस गेले. पत्र लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. मग एक दिवस धीर करून कचेरीत फोन लावला आणि पहिली घंटा वाजताच कापला. पलीकडून फोन आला. "तुमचा मिस्ड कॉल होता." मास्तर गडबडले. पलीकडच्या मुलीने कुणाला तरी विचारून सांगितलं, "वाचन चालू आहे." हे 'चालू' म्हणजे रोज पाच पानं चालू, की टेबलावर पडून आहे ह्या अर्थी चालू? ह्या एका शब्दावर आणखी दोन दिवस.

एकदा अलिबागला जाताना एसटी आक्षीवरून गेली. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, असं मानतात. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या कोरीव लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. तो कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता आणि लोक त्याच्या बाजूने बाजारहाट करत होते. एरवी मास्तर शेजारच्या प्रवाशाला हे सांगितल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलंच नाही. ते फोन बघत होते.

मास्तरांच्या शेजारी नाखवा राहत. स्वतःची होडी, साठी उलटलेली, गुडघा दुखरा. १ जूनला सरकारी बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस, यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचं नाही. मासळीच्या विणीचा हंगाम, शिवाय दर्याही खवळलेला. नाखवांनी होडी वर ओढून ताडपत्री आणि झापं घालून शाकारली आणि पडवीत जाळी घेऊन बसले. मास्तर विहिरीजवळ उभे असले की त्यांना पडवी दिसे आणि पडवीतून नाखवांना मास्तर दिसत.

एका दुपारी नाखवांनी हाक मारली. "ओ मास्तर, भिजताय कशाला? हितं या. जाल्याचा पदर धराला मानूस नाय मना."

मास्तर गेले. पडवीत सुक्या जवळ्याचा, डिझेलचा आणि ओल्या नायलॉनचा वास. डोलजाळं मांडीवर पसरलेलं, त्याला मधेच एक भोक, मुठीएवढं. कुठल्याशा बुडालेल्या लाकडात अडकून फाटलं होतं. मास्तरांना वाटलं, आता सुईने दोन गाठी मारतील की झालं. नाखवांनी सुरी काढली आणि भोकाच्या कडेचे धागे कापायला सुरुवात केली. एक कापला, दुसरा कापला, भोक बशीएवढं झालं.

"अहो, हे काय करताय!"

"थांबा जरा."

भोक ताटाएवढं झालं. मग नाखवांनी बांबूची पट्टी घेतली, सुईत दोरा भरला, आणि जिथे जाळ्याचं चांगलं घर संपत होतं तिथल्या गाठीपासून विणायला लागले. प्रत्येक घर पट्टीवरून घ्यायचं, म्हणजे माप चुकत नाही. गाठ ओढून बघायची. पुढचं घर. पाऊण तासाने भोक कुठे होतं ते मास्तरांना दाखवता आलं नसतं. फक्त दोरा तेवढा नवा, हिरवा दिसत होता.

"कडंचा धागा कुजलेला असतो," नाखवा म्हणाले. "त्याच्यावरच गाठ मारली तर जालं आखडतं. मंग पयल्याच भरतीला त्याच जागी फाटतं. भोक बुजवायचं तर आदी मोठं कराला लागतं."

मास्तर दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोजच जायला लागले. फोनची रेंज पडवीत नव्हतीच, तो खिशात नुसता जड लागे. पदर धरता धरता त्यांनी नाखवांना निकितिनची गोष्ट सांगितली. नाखवांनी नीट ऐकली आणि व्यापाऱ्यासारखा पहिला प्रश्न विचारला. "घोरा किती रुपयाला गेला?"

मग म्हणाले, "आनि पावसात काय करीत व्हता त्यो? तवा पन पाऊस आसंलच की."

मास्तरांना हे लिहिताना सुचलं नव्हतं. निकितिन जुन्नरला पोचला तो पावसाळ्याच्या तोंडी. दोन महिने तिथेच अडकला. वहीत त्याने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असल्याची नोंद केली आहे, आणि तिच्याच पुढे, ह्या दिवसांत इथले लोक नांगरतात, गहू, भात, वाटाणे पेरतात, असंही लिहिलं आहे. रशियात बर्फाखाली शेत झाकलेलं असताना घरात बसणाऱ्या माणसाला ह्याचं नवल वाटलं असणार. आकाश कोसळत असताना लोक शेतात उभे.

"बराबर लिवलंय," नाखवा म्हणाले. "पाऊस थांबंल मंग पेरू म्हनला, तर पेरलाच कवा? दर्या बंद हाय, मास्तर. हात बंद नाय."

मास्तर जरा खजील झाले. मग चिडले. "तुमचं बरं आहे. तुम्हाला तारीख ठाऊक आहे. ३१ जुलै. माझी बंदी कधी उठणार ते मला कोण सांगणार?"

नाखवांनी सुई खाली ठेवली. "बंदी उठंल ह्ये ठावं हाय. म्हावरा गावंल का, ह्ये कुनी सांगितलं मना? डिझेलचा उधार हाय. बर्फवाल्याचा हाय. खलाशांना आगाव दिलाय. मना पन रातची झोप नाय." ते हसले. "पन रातची झोप येगली आनि दुपारचा हात येगला. हात चालला म्हंजे झोप येते आसा नाय. पन जालं तरी व्हतं."

ह्या शेवटच्या वाक्यासाठी मला ही गोष्ट सांगावीशी वाटली. काम केलं की काळजी पळते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. नाखवा तसं म्हणाले नाहीत.

मास्तर त्या रात्रीही जागेच होते. पण तीन वाजता उठून विहिरीवर जायच्याऐवजी त्यांनी दिवा लावला आणि शाळेच्या जुन्या वहीत जाळ्याबद्दल लिहायला सुरुवात केली. सुई, पट्टी, बशीएवढं भोक. जुलैचे दिवस, दिवाळी अंकांसाठी मजकूर जमवण्याचे. अलिबागच्या एका ओळखीच्या संपादकाने मार्चमध्येच कथा मागितली होती आणि मास्तरांनी 'कादंबरीचं कळू दे, मग बघू' म्हणून टाळलं होतं. पंधरा दिवसांत कथा झाली. चांगली होती का? मास्तरीणबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "ह्यात कुणी घोडा घेऊन येत नाही हे बरं झालं."

विहिरीवरच्या फेऱ्या बंद झाल्या असं नाही. दिवसाला बारा व्हायच्या, त्या दोनवर आल्या. सकाळची आणि संध्याकाळची, औषधाच्या गोळ्यांसारख्या.

नारळी पौर्णिमेला मास्तर किनाऱ्यावर गेले. होड्यांना पताका, बायकांच्या डोक्यात अबोली, ढोल. नाखवांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ कपाळाला लावला, पाण्यात सोडला, हात जोडले आणि लगेच पाठ फिरवून होडीच्या इंजिनाकडे गेले. मास्तर मात्र नारळाकडे बघत राहिले. तो एका लाटेवर आत गेला, दुसरीवर परत आला, परत आत, आणि शेवटी वीसेक पावलांवर पोरांच्या घोळक्यात आला. पोरांनी तो दगडावर आपटून फोडला आणि खाल्ला.

"नाखवा, तुमचा नारळ परत आला."

"आला आसंल," नाखवा इंजिनात डोकं घालूनच म्हणाले. "आमी दिला. पुढचा दर्याचा."

उत्तर आलं ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि आलेलं दीड दिवस मास्तरांना कळलंच नाही. कारण त्या दिवशी अलिबागहून कथेचं मुद्रित आलं होतं आणि ते तपासण्यात फोन कणगीवर राहिला होता. पत्र लांब होतं. हो नव्हतं, नाहीही नव्हतं. लिहिलं होतं की जुन्नरचा पावसाळा फार आवडला, पण तिथपर्यंत पोचायला दीडशे पानं लागतात. चौल बंदराचा इतिहास, घोड्यांच्या व्यापाराचा इतिहास, त्वेरचा इतिहास, हे सगळं आधी येतं आणि माणूस मागाहून. हा भाग काढून कादंबरी परत पाठवता येईल का? मग पुन्हा वाचू. किती दिवस लागतील ते नव्हतं लिहिलेलं.

दीडशे पानं. त्यातल्या चौलच्या बंदरावर मास्तरांनी एक अख्खं वर्ष घातलं होतं.

चौथ्या दिवशी नाखवांची होडी बोंबील घेऊन आली. वाट्याला बरे आले होते, फार नाही. ते परडीत चार बोंबील घेऊन मास्तरांच्या ओटीवर आले, तर मास्तर जमिनीवर बसलेले, भोवती कागद पसरलेले, हातात लाल पेन.

"आली काय चिठ्ठी?"

"आली."

"काय म्हनतात?"

"भोक मोठं करा म्हणतात."

नाखवांनी परडी खाली ठेवली आणि वाकून कागदांकडे बघितलं. लाल रेघांची पानं एका बाजूला होती, कोरी दुसऱ्या.

"मंग? किती झाला?"

"एकशे दहा पानं कापली," मास्तर म्हणाले. "चांगला धागा अजून लागला नाही."

"लागंल," नाखवा म्हणाले आणि आत हाक मारली, "मास्तरीनबाय, बोंबील हायेत. आजच करा, उंद्याला नाय राहाचे."