डोळ्यांतले पाणी आणि ओंजळीतले पाणी

काव्य ऐकून दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येतात, ती दया खरी की घटकाभराची? भाविकहो, हा प्रश्न आम्हांस शास्त्राने घातला नाही. आमच्याच चुकीने घातला.

गेल्या फाल्गुनात, नाथषष्ठीच्या आदल्या आठवड्यात, छत्रपती संभाजीनगरात आमचे दुपारचे कीर्तन होते. नाथांचे चरित्र सांगत होतो. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास निघालेली. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडते. नाथ कावड उतरतात आणि देवाचे पाणी त्याच्या मुखात घालतात. मायमाउल्यांनी डोळ्यांना पदर लावले. अहो, आमचाही कंठ दाटला! आरती झाली, बाहेर आलो. रस्त्याच्या कामावरची एक बाई रिकामा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "महाराज, पाणी मिळंल का?" भरलेली बाटली आमच्या झोळीत होती, पण गाडी खोळंबली होती. "आत विचारा, बाई," एवढे बोलून आम्ही निघालो. निम्मी वाट सरल्यावर ते गाढव आठवले.

मग कीर्तनातले अश्रू खोटे होते काय? आमच्या मते खोटे नव्हेत, कच्चे होते. भट्टनायकाने 'साधारणीकरण' सांगितले आहे. काव्यात 'हे माझे, हे परक्याचे' ही कुंपणे गळून पडतात, म्हणून परक्याचे दुःख आपल्याला भिडते. अभिनवगुप्तांचा 'सहृदय' म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो. पण बरं का मंडळी, कीर्तनात कुंपण फुकट गळते; रस्त्यावर त्याचे मोल पडते. तिथे बाटली द्यावी लागते, गाडी थांबवावी लागते.

नाथांनी ते मोल दिले. शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीत भागवताची टीका पूर्ण करणारा हा पैठणचा ब्राह्मण पंडित. तोच भारुडात आंधळा झाला, बहिरा झाला, जोहार घालणारा महार झाला. त्यांच्या तोंडून 'मी' म्हणाला. दुसऱ्याचा 'मी' असा जिभेवर घोळवला, म्हणूनच मुक्या जनावराची तहानही त्यांच्या कानी पडली, असे आम्हांस वाटते.

शब्द दार उघडून देतो; उंबरा मात्र आपल्याच पायांनी ओलांडायचा. ती बाई आम्हांस पुन्हा दिसली नाही. पण आता आरती झाली की आम्ही चपला शोधण्याआधी दाराबाहेर पाहतो, आणि पाण्याची बाटली झोळीत न ठेवता हातात ठेवतो.

रामकृष्ण हरि!