भुतांना मार्गी लावायचा खर्च

रिन्ने रोकुदो हा शाळकरी मुलगा भुतांना मार्गी लावतो. हा त्याचा धंदा आहे आणि धंद्यात तो कायम तोट्यात असतो.

शाळेच्या आवारातल्या एका पडीक इमारतीत तो राहतो. एकेक येन मोजून खर्च करतो. कुणी घरचा डबा दिला तर भारावून जातो. आवारात हवामानाच्या नोंदीसाठी ठेवलेली एक जुनी लाकडी पेटी आहे. भुताचा त्रास होणारी मुलं तिच्यात चिठ्ठी आणि थोडी दक्षिणा ठेवतात. मग रिन्ने येतो, त्या भुताला गाठतो आणि मुद्द्याचा प्रश्न विचारतो: तुझं इथे काय राहिलंय?

रुमिको ताकाहाशी यांची 'क्योकाई नो रिन्ने' ही मांगा 2009 ते 2017 या काळात 'शोनेन संडे' साप्ताहिकात चालली. तिचे 40 खंड झाले. 2015 पासून तिच्यावर अ‍ॅनिमेही आला. 'इनुयाशा' आणि 'रान्मा'वाल्या बाई म्हणून ताकाहाशी आपल्यातल्या अनेकांना माहीत असतील. त्यामानाने 'रिन्ने' थोडी दुर्लक्षितच राहिली. तिच्यात जग वाचवायचं नसतं. कुणाचं प्रेम सांगायचं राहिलेलं असतं, कुणाला एक भेट हवी असते. रिन्नेची वर्गमैत्रीण साकुरा हिला लहानपणीच्या एका प्रसंगापासून भुतं दिसतात. पण ती किंचाळत नाही. बसस्टॉपवर शेजारी कुणी उभं असावं, तसं ती त्यांच्याकडे बघते.

नावातच सगळं आहे. 'रिन्ने' म्हणजे संसारचक्र, जन्ममरणाचा फेरा. 'रोकुदो' म्हणजे सहा गती: देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक. ही कल्पना इथूनच बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली. भूत मार्गी लागण्याला जपानीत 'जोबुत्सु' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'बुद्ध होणं'. आणि जे राहून गेल्यामुळे ते अडकतं, त्याला 'मिरेन'. आपण म्हणू, जीव गुंतलेला असणं.

ही मांगा मी विनोदासाठी वाचायला घेतली होती. नंतर मात्र ती माझ्या घरातल्या एका भांडणाबद्दल बोलायला लागली.

आजोबांच्या दहाव्याला आम्ही घाटावर उभे होतो. पिंड ठेवलेला, समोर पिंपळावर तीन-चार कावळे, पण एकही खाली येईना. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना ती शांतता माहीत असेल. मग एकेक जण पुढे होऊन बोलायला लागतो. काका म्हणाले, "अण्णा, आईची काळजी करू नका." काही नाही. दुसऱ्या काकांनी देवाच्या पूजेचं सांगितलं. काही नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. शेवटी माझे बाबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "अण्णा, घर विकणार नाही आम्ही." ते दोन पावलं मागे सरले आणि कावळा शिवला.

मी इंजिनिअर आहे. माणूस मागे सरला की कावळा पुढे येतो, हे मला कळतं. पण त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला होता, हेही खरं.

त्याला चार वर्षं झाली. मधे आजीही गेली. घर बंद आहे, मागची भिंत खचली आहे. आजोबांच्या शेवटच्या अकरा वर्षांत त्यांचं सगळं आत्याने केलं. तिला स्वतःचं घर नाही, ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिचं म्हणणं सरळ आहे: विकूया, माझ्या वाट्यात मला छोटासा का होईना फ्लॅट येईल. बाबांचं उत्तरही सरळ आहे: "शब्द दिलाय."

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द बांधतो का?

एपिक्युरसला विचाराल तर प्रश्नच मिटतो. मृत्यू असतो तिथे आपण नसतो. जो नाही, त्याचं नुकसान कसं होणार? पण मनाला हे पटत नाही. थॉमस नेगेलने 1970 साली 'डेथ' या निबंधात याची दुसरी बाजू मांडली. आपला विश्वासघात झाला हे कळलं म्हणून तो वाईट ठरत नाही. तो मुळात वाईट असतो, म्हणून कळल्यावर दुःख होतं. हे मान्य केलं तर ज्याला कधीच कळणार नाही, त्याचाही विश्वासघात होऊ शकतो. मरणाऱ्याला दिलेलं वचन मोडणं हा त्या माणसावरचाच अन्याय आहे, असं नेगेल मानतो.

मी नेगेलच्या बाजूचा आहे. पण इथे एक अडचण येते. जिवंत माणसाला दिलेला शब्द पाळणं अशक्य झालं, तर आपण त्याच्याकडे जाऊन सांगू शकतो, की बाबा रे, जमत नाहीये. तो म्हणेल, जाऊ दे. शब्दातून सोडवण्याचा अधिकार ज्याला शब्द दिला त्याचाच असतो. मेलेला माणूस आपल्याला सोडवू शकत नाही.

'रिन्ने'मधली खरी चैन ही आहे. भुतं दिसणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट. तिथे भुताला विचारता येतं. आणि विचारल्यावर बऱ्याचदा कळतं, की भूत स्वतः सांगत होतं ते कारणच नव्हतं. त्याला नीट आठवत नसतं, किंवा कबूल करायला लाज वाटत असते. मागितलेली गोष्ट दिली तरी ते हलत नाही. रिन्नेला पुन्हा विचारावं लागतं.

युनिक्समध्ये 'झोंबी प्रोसेस' असते. तिचं काम संपलेलं असतं, ती मेलेली असते, पण यादीतून जात नाही. तिला किल करता येत नाही, कारण ती आधीच मेलेली आहे. तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने 'तुझा शेवट कसा झाला?' एवढं विचारून घ्यायचं असतं. तेवढं झालं की ती जाते. आम्हाला घाटावर ही सोय नव्हती. आम्ही अंदाज बांधत होतो आणि कावळा हो किंवा नाही म्हणत होता.

मग मी बाबांना म्हणालो, "अण्णांना विटा-माती थोडीच हवी होती? त्यांना हवं होतं की कुटुंब तुटू नये. आत्याला घर मिळालं तर ते खूशच होतील." मला वाटलं, मी रिन्नेसारखं खरं कारण शोधून काढलं.

बाबा एवढंच म्हणाले, "आणि तुझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंटही होईल."

ते खरं होतं. मी मनात आकडासुद्धा धरला होता.

त्या रात्री मला रिन्नेचा बाप आठवला. साबातो. तो मुलाच्या नावावर कर्ज काढतो, त्याचे साठवलेले पैसे लांबवतो आणि वर एक कंपनी चालवतो. ही कंपनी ज्यांची वेळ भरलेली नाही अशा माणसांना फसवून पुनर्जन्माच्या चाकाकडे पाठवते. वरवर पाहिलं तर बाप आणि मुलगा एकच काम करतात, आत्मे पुढे पाठवण्याचं. फरक बिल कुणाच्या नावावर फाटतं याचा. रिन्नेच्या अंगात माणसाचं रक्त आहे, त्यामुळे त्याला नुसत्या शक्तीवर भागवता येत नाही. अवजारं विकत आणावी लागतात आणि दक्षिणेपेक्षा खर्च जास्त होतो. हा विनोद चाळीस खंड चालतो. मला तो हळूहळू विनोद वाटेनासा झाला. मेलेल्यांच्या वतीने बोलायचा अधिकार ज्याला आहे असं मला वाटतं, तो माणूस असा असतो: स्वतःच्या खिशातून भरणारा.

मेलेला माणूस आपल्याला खोडून काढू शकत नाही. त्यामुळे 'त्यांना हेच हवं होतं' या वाक्याइतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही. ते तपासायचा मला सुचलेला एकच मार्ग आहे: हे बोलणाऱ्याला ते किती महाग पडतंय? माझा अर्थ मला फायद्याचा होता, म्हणून तो संशयास्पद होता. कदाचित बरोबरही असेल, पण माझ्या तोंडी नाही.

मात्र हाच निकष बाबांनाही लागतो. शब्द पाळणं म्हणजे त्यागच, असं आपण धरून चालतो. पण बाबा त्या घरात राहत नाहीत. घर न विकल्यामुळे त्यांचं काही अडत नाही. त्यांच्या शब्दाचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला आत्या भरते. घराच्या उताऱ्यावर तिचंही नाव आहे, पण घाटावर शब्द देताना तिला कुणी विचारलं नव्हतं. ती बायकांच्यात, मागे उभी होती. दुसऱ्याच्या नावावर काढलेल्या कर्जासारखाच हा शब्द आहे. बाबा साबातो नाहीत, फार सरळ माणूस आहेत. सरळ माणसाच्या हातूनही हे होतं, एवढंच.

गेल्या रविवारी मी त्यांना पुन्हा फोन केला. म्हणालो, "बाबा, शब्द पाळायचा असेल तर पाळू. पण मग आत्याचं भाडं आपण भरायचं, तुम्ही आणि मी, निम्मं निम्मं. आणि मोडायचा असेल तर आपला वाटा तिला द्यायचा. दोन्हीपैकी काहीही, पण पैसे आपले गेले पाहिजेत."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या फ्लॅटचं काय?"

"लांबेल थोडं."

"थोडं?"

"चार-पाच वर्षं."

ते हसले की खोकले, कळलं नाही. म्हणाले, "आत्याला विचारतो."

चार वर्षांत हे पहिल्यांदा झालं. तिने काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मी मधल्या काळात भाड्याची निम्मी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे.